लांच: वारसा कोणाचा, दोष कोणाचा?

हल्लीं चावडीवर बसा, एस. टी.च्या थांब्यावर उभे राहा किंवा वर्तमानपत्र उघडा. एक विषय निघाल्यावांचून राहत नाहीं. तो विषय म्हणजे सरकारी कामांतील लांचलुचपत. एक जण म्हणतो, "ही घाण इंग्रजांनीं मागें ठेविली. त्यांनीं आपणांस गुलाम केलें, आणि गुलामाच्या अंगीं प्रामाणिकपणा कोठून येणार?" दुसरा उत्तर देतो, "छे! आमचा आजा सांगे कीं इंग्रजांच्या वेळीं शिस्त होती. स्वराज्य आलें आणि आपल्याच लोकांनीं सर्व बिघडविलें." वाद रंगतो, दोन्ही पक्ष आपापल्या घरीं जातात, आणि दुसऱ्या दिवशीं फेरफाराची नोंद करून घेण्यासाठीं गरीब माणूस पुन्हा खिशांत हात घालतो.

वाचकहो, आम्हांस ही दोन्ही मतें अपुरीं वाटतात. दोन्ही मतें दोष उचलून दुसऱ्या कोणाच्या तरी दारांत नेऊन टाकतात. म्हणून प्रश्न नीट मांडूं या. एखादें पाप आपणांस वारशानें मिळालें असेल, तर त्याचा दोष आपल्याकडे किती येतो? आणि ज्याला अडवून लांच घेतली जाते, त्या दुबळ्यास आपण दोषी म्हणावें काय?

प्रथम मागील काळाकडे पाहूं. लांच ही इंग्रजांनीं जहाजांत भरून आणलेली वस्तु नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत राजाचे अधिकारी सरकारी द्रव्य कसें गिळतात याचे चाळीस प्रकार सांगितले आहेत; म्हणजे इंग्रजांचें नांवहि या देशांत ठाऊक नव्हतें तेव्हां हा रोग येथें होता. उलटपक्षीं, इंग्रजी अंमल धुतल्या तांदळासारखा होता असें म्हणणाऱ्यांनीं तो कसा सुरू झाला हें आठवावें. १७५७ सालीं प्लासीच्या लढाईनंतर बंगालच्या नव्या नबाबाकडून रॉबर्ट क्लाइव्ह व त्याचे सोबती यांनीं अलोट द्रव्य नजराणा म्हणून घेतलें. त्याबद्दल इंग्लंडच्या पार्लमेंटांत चौकशी झाली, आणि १७७३ सालीं क्लाइव्ह तींतून सुटला. वॉरन हेस्टिंग्ज यांजवर लांचेच्या व जुलुमाच्या आरोपांवरून १७८८ पासून १७९५ पर्यंत खटला चालला. तेहि निर्दोष ठरले. याच काळांत कॉर्नवॉलिस यांनीं कंपनीच्या गोऱ्या अंमलदारांचे पगार वाढविले आणि हिंदी लोकांस मोठ्या हुद्द्यांपासून दूर ठेविलें. जणूं काय प्रामाणिकपणा कातडीच्या रंगावर अवलंबून आहे!

तसें नाहीं, हें आपल्याच मुलखांत १८८८ सालीं उघड झालें. आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर होते. पुढें ते पुण्यास मध्य भागाचे कमिशनर झाले. मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या व बदल्या यांसाठीं ते मध्यस्थामार्फत पैसे घेतात, असा त्यांजवर आरोप आला. पैसे देणारे मामलेदार साक्ष देण्यास भीत होते, म्हणून सरकारनें त्यांस अभयवचन दिलें व त्यांनीं साक्षी दिल्या. चौकशीमंडळानें लांचेचा आरोप शाबीत धरला नाहीं. मात्र आपल्या अंमलाखालच्या मुलखांत कर्जें काढल्याबद्दल साहेबांस नोकरी सोडावी लागली. मध्यस्थ कैदेंत गेला. आणि मामलेदार? लांच दिल्याचें स्वतःच्या तोंडानें कबूल करणारे न्यायाच्या खुर्चीवर कसे बसतात, अशी इंग्लंडांत ओरड झाली. तेव्हां अभयवचन असूनहि त्यांपैकीं कित्येकांच्या जागा गेल्या. त्यांजवर खटले होऊं नयेत एवढ्यापुरता १८८९ सालीं कायदा करण्यांत आला. बाळ गंगाधर टिळक यांनीं त्या वेळीं या मामलेदारांची बाजू घेतली. दिलेलें वचन सरकारनें पाळलेंच पाहिजे, असें त्यांचें म्हणणें होतें.

या हकीकतींत घेणारा गोरा आहे, मध्यस्थ देशी आहे, आणि देणाराहि देशी अंमलदारच आहे. परंतु चौथाहि एक जण आहे, ज्याचें नांव या वादांत फारसें कोणी घेत नाहीं. तो म्हणजे रयत. मामलेदारानें पैसे मोजून जागा मिळविली, तर ते पैसे भरून काढण्याचा मोह त्याला कोणाच्या जिवावर होईल, हें शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. लांच ही पाण्यासारखी आहे. कोठूनहि ओता, ती उतारानें वाहत जाऊन सर्वांत खालच्या माणसाच्या घरांत शिरते.

तथापि परकीय राज्याचा वारसा कांहींच नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. वारसा आहे व तो जड आहे. कचेरी ही मुळांत सारा वसूल करण्यासाठीं उभारली गेली, रयतेची सेवा करण्यासाठीं नव्हे. १८८३ सालीं महात्मा जोतीराव फुले यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत अक्षरशून्य शेतकरी कचेरींत कसा नागवला जातो, आणि ऐषआरामांत गढलेले गोरे अंमलदार तिकडे कसें दुर्लक्ष करतात, हें परखडपणें दाखविलें. कागद सरकारचा आहे, तो रयतेनें पाहूं नये, हीच त्या राज्याची रीत. सरकारी गुपितांचा कायदा प्रथम १८८९ सालीं झाला. १९२३ सालचा त्याच तऱ्हेचा कायदा अद्यापि पुस्तकांत आहे. पुढें दुसऱ्या महायुद्धांत टंचाई, रेशन व लष्करी कंत्राटें यांमुळें लांचलुचपत इतकी बोकाळली कीं, ती रोखण्यासाठीं स्वतंत्र कायदा मार्च १९४७ मध्यें, म्हणजे स्वराज्याच्या पांच महिने आधींच, करावा लागला. १९५० च्या कायद्यानें मुंबई राज्यांतील कुळकर्ण्यांचीं वतनें गेलीं व पगारी तलाठी आले. परंतु ज्याच्या हातीं दप्तर त्याच्यापुढें उभें राहतांना हात जोडण्याची संवय गेली नाहीं.

मग दोष कोणाचा? शेतकऱ्यांस समजेल असा एक दृष्टांत घेऊं. एखाद्या बापानें शेजाऱ्याचा बांध कोरला आणि चार हात जमीन आपल्या शेतांत घातली. बाप वारला. मुलगा म्हणतो, "बांध मीं कोरला नाहीं." खरें आहे, पहिल्या दिवशीं तो निर्दोष आहे. परंतु बांध कोठें होता हें त्याला ठाऊक असून तो पुढल्या हंगामांत त्या चार हातांत नांगर घालतो, पेरतो, कापतो व खळ्यांत नेतो, तेव्हां तें पाप त्याचें स्वतःचें होतें. आपणांस हा वारसा मिळून पाऊणशेंहून अधिक वर्षें झालीं. इतक्या हंगामांचें पीक खाऊन अजून बापाकडे बोट दाखविणें शोभत नाहीं. मुंबईची जी मंडई १८६९ सालीं पुरी झाली व क्रॉफर्ड साहेबांच्या नांवानें ओळखली गेली, तिला पुढें महात्मा फुले यांचें नांव दिलें गेलें. हें योग्यच झालें. परंतु पाटी बदलणें सोपें आहे. ज्या कचेरीविषयीं फुल्यांनीं लिहिलें, ती बदलणें हें खरें काम आहे.

जक्कयाची गोष्ट येथें सर्वांस आठवेल. तो परकीय रोमी राज्यासाठीं आपल्याच लोकांकडून कर वसूल करणारा देशी जकातदार होता. राज्याची पद्धतच तशी आहे, हें निमित्त त्याला सहज सांगतां आलें असतें, आणि तें खोटेंहि नव्हतें. परंतु त्यानें रोमाचें नांव काढलें नाहीं. अर्धी मिळकत दरिद्र्यांस देण्याचें आणि ज्यांचें लुबाडलें त्यांस चौपट परत करण्याचें त्यानें कबूल केलें. पश्चात्तापाची ही खूण आहे: त्यांत हिशेब असतो.

आतां देणाऱ्याविषयीं. येथें सर्वांस एका मापानें मोजणें अन्याय होईल. जो दुसऱ्याची जमीन आपल्या नांवावर चढविण्यासाठीं पैसे चारतो, तो चोर आहे; त्यानें अधिकाऱ्यास फक्त हत्यार केलें. जो रांग मोडून पुढें जाण्यासाठीं देतो, तो मागच्याचा हक्क खातो. परंतु जी विधवा वारसाच्या नोंदीसाठीं सहा खेपा घालते, मजुरी बुडविते, आणि अखेर डोळ्यांत पाणी आणून शंभराच्या चार नोटा टेबलावर ठेविते, तिच्याकडे बोट करण्यापूर्वीं आपण तिच्याबरोबर एकदां तरी कचेरींत गेलों होतों काय, हें आपल्या मनास विचारावें. तिचें दान तें दान नव्हे, ती लूट आहे.

कायद्यानेंहि हा भेद कांहीं अंशीं ओळखला आहे. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यांत २०१८ सालीं दुरुस्ती झाली. तीप्रमाणें लांच देणाराहि गुन्हेगार आहे. परंतु ज्यास देण्यास भाग पाडलें त्यानें सात दिवसांच्या आंत पोलिसांस किंवा तपास करणाऱ्या खात्यास कळविलें, तर तो दोषी धरला जात नाहीं. तसेंच ज्यानें आधीं कळवून, आरोपीस पकडून देण्यासाठीं पैसे दिले, त्यासहि संरक्षण आहे. महाराष्ट्रांत लांचलुचपत प्रतिबंधक विभागास १०६४ या क्रमांकावर फोन करतां येतो. सात दिवस फार थोडे आहेत, आणि गरिबाला भीति फार आहे. म्हणूनच हें काम एकट्याचें नव्हे.

एकट्याचें नव्हे, हें राजस्थानच्या खेडुतांनीं दाखविलें. १९९४ सालीं पाली जिल्ह्यांतील कोट किराना या गांवीं मजदूर किसान शक्ती संघटनेनें जनसुनावणी भरविली. सरकारी कामाचे हजेरीपट व बिलें लोकांसमोर मोठ्यानें वाचून दाखविलीं, आणि ज्यांनीं राबावें त्यांनींच तीं खरीं कीं खोटीं हें सांगितलें. अशा सभांतून जी मागणी उठली, तिचेंच फळ म्हणजे २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा. महाराष्ट्रांत अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर असा कायदा त्याच्या आधींच झाला होता. जें दप्तर रयतेनें पाहूं नये अशी रीत होती, तें मागण्याचा हक्क अशा रीतीनें साध्या मजुरांनीं मिळविला. २०१५ सालीं आपल्या राज्यांत लोकसेवा हक्काचा कायदाहि झाला; त्यांत कोणतें काम किती दिवसांत व्हावें याची मुदत ठरविण्याची तरतूद आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गांवांतील एकदोन शिकलेल्यांनीं महिन्यांतून एक दिवस अडाणी शेजाऱ्याबरोबर कचेरींत जावें, अर्ज लेखी द्यावा, पोंच घ्यावी, मुदत विचारावी. दोघे उभे असले कीं मागणाऱ्याची जीभ अडखळते. मुलीसाठीं स्थळ पाहतांना "पगार किती?" यापाठोपाठ "वरची कमाई किती?" हा प्रश्न आपण विचारतों, तो घरांतून बंद करावा, कारण जांवयाची वरची कमाई म्हणजे कोणाच्या तरी विधवेच्या चार नोटा आहेत. आणि आपल्या मंडळीचे, पतपेढीचे, शाळेच्या इमारतीचे हिशेब वर्षांतून एकदां सर्वांसमोर मोठ्यानें वाचावे. ज्याला आपल्या वहीचा उजेड सोसत नाहीं, त्यानें सरकारच्या वहीविषयीं कोणत्या तोंडानें बोलावें?

इंग्रज गेले. त्यांचा हिशेब इतिहास करील. बांध कोरलेला आहे हें आपणांस ठाऊक आहे, नांगर आपल्या हातीं आहे, आणि पुढचा हंगाम जवळ आला आहे.