कापूस माझा, पाणी आपले

महाराष्ट्रात १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. व्यापाऱ्यांच्या पिळवणुकीतून शेतकरी सुटावा, त्याला हमीचा भाव मिळावा, हा तिचा हेतू चांगलाच होता. पण त्यासाठी राज्यातला कापूस सरकारी यंत्रणेखेरीज कुणालाही विकण्याची मुभा उरली नाही. राज्याच्या सीमेपलीकडे भाव चढा असला, तरी तिकडे गाडी नेणारा शेतकरी गुन्हेगार ठरू लागला. पेरणी त्याची, कर्ज त्याचे, बोंडअळीची धास्तीही त्याचीच. गिऱ्हाईक निवडण्याचा हक्क मात्र त्याचा नव्हता.

लोकनियुक्त विधिमंडळाने केलेला कायदा अन्यायाचा कसा, असे कुणी विचारील. उदारमतवादी परंपरेचे उत्तर असे, की निर्णय बहुमताने झाला एवढ्याने तो बहुमताच्या अखत्यारीतला होत नाही. अर्थशास्त्रज्ञ हायेक यांनी १९४५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले, की अर्थव्यवहाराला लागणारे ज्ञान असंख्य माणसांत विखुरलेले असते. घरात लग्न कधी आहे, सावकाराचा तगादा किती आहे, माल किती दिवस राखता येईल, हे मुंबईतल्या कचेरीला कळणार नाही. ते त्या घरालाच ठाऊक असते, म्हणून विक्रीचा निर्णयही त्याचाच.

तरीही प्रत्येक निर्णय एकट्याचा नसतो. कोणता निर्णय कुणी घ्यायचा, या प्रश्नाची अर्थशास्त्रज्ञ ब्यूकॅनन आणि टुलॉक यांनी १९६२ मध्ये नेटकी मांडणी केली. निर्णय थोड्यांच्या हाती असला, तर त्याची झळ इतरांना बसण्याचा धोका वाढतो. सगळ्यांची संमती मागितली, तर ती मिळवण्याचाच खर्च डोईजड होतो. म्हणून प्रश्न दर वेळी एकच: या निर्णयाची झळ कुणाला बसते?

हिवरे बाजार या गावाने हा प्रश्न पाण्यापुरता सोडवला. तिथली ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि कोणती पिके घ्यायची ते ठरवते. शेतीसाठी बोअरवेल घेण्यावर तिथे बंदी आहे. माझ्या शेतात कापूस पिकला म्हणून शेजाऱ्याचा कापूस कमी होत नाही. पण माझी बोअर खोल गेली, तर त्याची विहीर आटते. भूजलाला बांध ठाऊक नसतात, म्हणून त्याचा निर्णय गावाने घ्यायचा. तोही सरकारने नव्हे, गावानेच, कारण पाऊस हुकला तर टंचाई सोसणारी माणसे तीच असतात.

‘व्यक्ती’ म्हणताना मात्र आपण पुष्कळदा कुटुंबप्रमुखापाशीच थांबतो. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी बाजाराचे स्वातंत्र्य मागितले, तसेच लक्ष्मीमुक्तीची मोहीमही चालवली. गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला हिस्सा बायकोच्या नावे केला. मला ही त्यांच्या विचारातली सर्वांत प्रामाणिक पायरी वाटते. सातबाऱ्यावर जिचे नावच नाही, तिला पिकाची निवड कुठली आणि बाजाराचीही कुठली? घराचा निर्णय म्हणजे घरातल्या एकाचाच निर्णय असेल, तर सरकारी सक्ती जाऊन घरची सक्ती उरते.

शेतकरी संघटना हीसुद्धा सामूहिक कृतीच होती. पण तिच्यात येणे आणि तिच्यातून बाहेर पडणे प्रत्येकाच्या हाती होते. एकाधिकार खरेदीत बाहेर पडण्याची वाटच बंद होती. म्हणून एकत्र येण्याला विरोध करण्याचे कारण नाही. विरोध हवा तो बाहेरची वाट बुजवण्याला. जिथे ती बुजवल्यावाचून खरोखरच भागत नाही, तिथे ते सिद्ध करण्याची जबाबदारी वाट बुजवणाऱ्याची असली पाहिजे, आणि निर्णय चुकला तर होणाऱ्या नुकसानीतही त्याचा वाटा असला पाहिजे.