घाण कुणाची?

॥ श्री गुरुदेव ॥



मागच्या आठवड्यात आपल्या भगिनींच्या ग्रुपवर एकीने विचारलं, सिंकखालचा पाइप गळतोय आणि प्लंबर रविवारशिवाय येत नाही, काय करू? भराभर उत्तरं आली. कुणी म्हणालं एम-सील लाव, कुणी म्हणालं तोवर बादली ठेव. एकीने लिहिलं, "शी! त्यात हात कोण घालणार?" बाकी उत्तरं वाचून मी पुढे गेले, पण हे वाक्य मनात राहिलं. आज त्यावरच लिहिते.

आधी दुरुस्तीचं सांगते, म्हणजे जिचं अडलंय तिचं काम होईल. सिंकखालचं कपाट रिकामं करा, पाइप कोरड्या फडक्याने पुसा, खाली वर्तमानपत्र पसरा. मग सिंक अर्धं भरून पाणी एकदम सोडा. पहिला थेंब कुठून पडतो ते लगेच दिसतं. बहुतेक वेळा पाइप फुटलेला नसतो, गळतो तो जोड. एक तर जाळीखालचा, नाहीतर बाटलीसारख्या ट्रॅपचा. खाली बादली ठेवून चाकी हाताने उलटी फिरवा. आतला रबरी वायसर कडक झाला किंवा चिरला असेल तर तोच नमुना घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा. नवा बसवल्यावर चाकी हातानेच आवळा, पान्याने जास्त जोर लावला तर प्लास्टिकचे आटे जातात. आणि हो, बादलीतलं पाणी सवयीने त्याच सिंकमध्ये ओतू नका, खाली पाइप सुटलेला आहे! 😊

आता त्या बादलीत काय पडतं ते बघा. वरणातली डाळ, चहाचा चोथा, भाताची शितं, तुपाचा थर. दोन दिवसांपूर्वी हेच आपण नैवेद्याच्या ताटात वाढलं होतं आणि हात जोडले होते. ताटात होतं तेव्हा ते अन्नब्रह्म. पाइपात गेलं की "शी". अन्न तेच, घरही आपलंच. मग मधे बदललं काय? एवढंच, की ते आपल्या नजरेआड गेलं. आणि नजरेआड गेलेलं आपलं नाही असं आपण धरून चालतो.

इथपर्यंत ठीक आहे. कुजलेल्याचा वास येतो, किळस वाटते, तो देहाचा धर्म आहे. पण किळस तिथेच थांबत नाही. ती त्या घाणीवरून ती काढणाऱ्या माणसावर जाते. प्लंबरभाई तासभर ओट्याखाली आडवे होऊन आपलं खरकटं उपसतात. मग "बेन, पाणी आपजो ने" म्हणतात, तेव्हा कितीतरी घरांत हात वेगळ्या पेल्याकडे जातो. कुणी मुद्दाम करतं असं नाही. हाताला तशी सवय लागलेली असते.

यावर कुणी म्हणेल, ताई, यात भेदभाव कसला? हात घाण असतात, स्वच्छता नको का? जरूर हवी. हात धुवायला साबण द्यावा, टॉवेल द्यावा. पण साबणाने हात धुतल्यावरही पेला वेगळाच काढावासा वाटला, तर तो प्रश्न स्वच्छतेचा उरला नाही. साबणाने जाते ती घाण. साबणाने धुऊनही गेली नाही असं ज्याला वाटतं, त्याने ती आपल्याच मनात शोधावी.

आपल्या बडोद्याने तर हे फार जवळून पाहिलंय. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली संस्थानच्या नोकरीत इथे आले. या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी लोकांच्या एका उतारघरात राहिले, तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. मग कमाटीबागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परत गेले. आपण आज नातवंडांना घेऊन हिंडतो, तीच ही बाग. त्यांच्या अंगाला कुठली घाण लागली होती? काहीच नाही. ती बघणाऱ्यांच्या मनात होती, आणि तिला ते सोवळं म्हणत होते.

याच काळात महाराष्ट्रात गाडगेबाबा गावोगाव हिंडत होते. गावात शिरले की आधी हातात खराटा, दिवसभर रस्ते-गटारं साफ, आणि रात्री त्याच गावात कीर्तन. झाडणाऱ्या हातांनी देवाचं नाव घेतलं म्हणून कीर्तन विटाळलं का? उलट अजून लोक त्यांचं नाव काढतात. सेवा म्हणजे दुसऱ्याची घाण काढणं असं आपण म्हणतो. मला वाटतं, त्याआधीची पायरी आपली घाण आपली म्हणणं ही आहे.

कारण पाइप आपल्या भिंतीशी संपत नाही. तिथून चेंबर, तिथून रस्त्याखालचं गटार. तिथे तुंबलं तर कुणाला तरी बोलावतात. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसं उतरतात आणि आत गुदमरून मरतात. आपण ओतलेलं तूप आणि टाकलेलं प्लास्टिक तिथवर पोचलेलं असतं. "मी तर पैसे दिले" म्हणून हा हिशोब मिटत नाही. पैसे कामाचे झाले. माणसाचं देणं वेगळं.

म्हणून या पंधरवड्यासाठी तीन छोटे संकल्प, जमतील तसे:

🔸 भांडी सिंकमध्ये टाकण्याआधी खरकटं आणि तूप-तेल पुसून काढायचं.
🔸 महिन्यातून एकदा ट्रॅप आपल्या हाताने उघडून साफ करायचा. घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनीसुद्धा, फक्त सुनेने नाही.
🔸 कामाला आलेल्या प्रत्येकाला घरातल्याच पेल्यात पाणी द्यायचं, आणि त्यांचं नाव विचारायचं.

तिसरा सगळ्यात सोपा वाटतो. माझ्या मते कस लागेल तो तिथेच.

जय गुरुदेव 🙏
– एक सेविका, रावपुरा, बडोदे