नोटीस दिली, पण ऐकलं कुणी?

घर पाडून झालं की अधिकारी म्हणतात, ‘रीतसर नोटीस दिली होती.’ ऐकणाऱ्यांचंही तेवढ्याने समाधान होतं. २०२५च्या मार्चमध्ये नागपुरात दंगलीतल्या एका आरोपीच्या घरावर महापालिकेचा जेसीबी गेला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्थगिती दिली, पण तोवर घर जमीनदोस्त झालं होतं. पुढे पालिकेने न्यायालयात माफी मागितली. बुलडोझर कारवायांबद्दलचे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश आपल्याला ठाऊकच नव्हते, म्हणे! समोरच्याचं ऐकून आपला निर्णय बदलेल, ही शक्यता ज्या नोटिशीत नाही, तिला मी पाडकामाचं वेळापत्रक म्हणेन.

आधी समोरच्याचं ऐकायचं, मगच निर्णय घ्यायचा, या तत्त्वाचा एक मोठा टप्पा घर पाडण्यावरूनच आला, हे विसरलं जातं. १८६३ सालचा लंडनच्या वॉन्ड्सवर्थ भागातला कूपर खटला. कूपरने बांधकामाची आगाऊ सूचना स्थानिक मंडळाला नियमाप्रमाणे दिली नव्हती, असा आरोप होता. मंडळाने काही न विचारता इमारत पाडली. तसा अधिकार कायद्यात स्पष्ट लिहिलेला होता आणि सुनावणीचा त्यात उल्लेखही नव्हता. तरी मंडळ हरलं. चूक झाली असली तरी ती का झाली हे सांगता येतं, आणि ते ऐकल्यावर शिक्षा वेगळी ठरू शकते, असा न्यायाधीशांचा रोख होता.

पुढचा रस्ता, इंग्लंडमधला रिज विरुद्ध बाल्डविन, आपल्याकडचे क्राइपाक आणि मेनका गांधी हे निकाल, कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. तिथे फारसा वाद नाही. खरा घोळ १९८५च्या ऑल्गा टेलिस निकालापाशी आहे.

हा निकाल आपण झोपडीवासीयांचा विजय म्हणून शिकवतो. अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८१च्या ऐन पावसाळ्यात, मुंबईतल्या फुटपाथवरच्या लोकांना उठवून गावी धाडायचं ठरलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे गेलं. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूडांनी निवृत्तीच्या तोंडावर लिहिलेल्या निकालात उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला. भाषणांतून उद्धृत होतो तो एवढाच भाग. पुढचं क्वचितच कुणी वाचतं.

मुंबई महापालिका कायद्याचं कलम ३१४ आयुक्तांना नोटीस न देता अतिक्रमण हटवू देतं. न्यायालय म्हणालं, ही फक्त मुभा आहे, सक्ती नव्हे. एरवी नोटीस द्यायलाच हवी. ऐकून काय फरक पडणार होता, हा पालिकेचा बचावही फेटाळला गेला. इथवर कूपरचीच वाट. पण मग न्यायालयाने असं धरलं की आयुक्तांनी नाकारलेली संधी आम्ही इथे भरपूर दिली आहे, तेव्हा पुन्हा सुनावणीची गरज नाही. फुटपाथवरून उठवायला परवानगी मिळाली. फक्त ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा सरून महिना होईपर्यंत, थांबायचं. १९७६च्या गणनेची ओळखपत्रं असलेल्यांना पर्यायी जागा द्यायची, पण ती आधी दिल्याशिवाय उठवायचं नाही अशी अट नाही.

लोक याला तडजोड म्हणतात. मला वाटतं, सुनावणीचा कणा तिथेच मोडला. दिल्लीत वकिलांनी संविधानावर वाद घालणं वेगळं. प्रत्येक झोपडीवाल्याने वॉर्ड ऑफिसात उभं राहून ‘मी इथे का राहतो, माझ्या झोपडीने वाट खरंच अडते का’ हे सांगणं वेगळं. ते कधी झालंच नाही. न्यायालयाने हक्क मान्य केला आणि तो बजावून झाल्याचंही स्वतःच ठरवून टाकलं. पुढच्या चाळीस वर्षांत प्रशासनाने यातून काय उचललं? की नोटिशीचा कागद फायलीला लागला की पुरे.

१३ नोव्हेंबर २०२४ला न्या. गवई आणि न्या. विश्वनाथन यांनी बुलडोझर कारवायांवर निकाल दिला. त्यात किमान १५ दिवसांची नोटीस आहे, प्रत्यक्ष सुनावणी आहे, आणि पाडणं हाच एकमेव उपाय का, हे आदेशात लिहायचं बंधन आहे. नोटिशीवर मागची तारीख टाकली जाते हे न्यायालयाला चांगलंच ठाऊक असावं; म्हणून ती बजावल्याबरोबर जिल्हाधिकाऱ्यांना ईमेल करायला सांगितलं आहे. दोषी अधिकाऱ्याकडून नुकसानीची वसुलीही आहे. कूपर इतक्या वर्षांनी परतला असं वाटतं. मात्र रस्ता, फुटपाथ, रेल्वे रुळालगतची जागा, नदी-तलाव इथल्या अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत. म्हणजे ऑल्गा टेलिसमधले फुटपाथवरचे अर्जदार आज पुन्हा कोर्टात आले, तर या निकालाचा एकही परिच्छेद त्यांच्या कामाचा नाही. आणि कलम ३१४ तर आयुक्तांच्या हाताशी आहेच.