गुपिताचें ऋण

वैद्यापाशीं बोललेली गोष्ट वैद्यापाशींच राहावी, ही मर्यादा फार जुनी आहे. हिपॉक्रेटिस या ग्रीक वैद्याच्या नांवानें चालत आलेल्या शपथेंतही ती आढळते. असें असतां, मुलाच्या रक्तांत शिसें किती सांपडलें हें प्रयोगशाळेनें आरोग्यखात्यास कळविलेंच पाहिजे, त्यासाठीं आईबापांची संमति लागत नाहीं, असा नियम अमेरिकेंतील अनेक संस्थानांत आहे. घरचें गुपित सरकारदरबारीं नेणारा हा नियम न्याय्य आहे काय, या प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शिशाचें विष चोरपावलांनीं येतें. ताप चढत नाहीं, अंगावर कांहीं उठत नाहीं. मूल हसतें-खेळतें दिसतें, आणि आंतल्या आंत त्याच्या बुद्धीची व अवधानाची हानि होत राहते. ही हानि पुढें सहसा भरून निघत नाहीं. जुन्या घरांचा रंग, शिशाचे नळ, मोटारींच्या जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे धंदे, हीं या विषाचीं उगमस्थानें होत. आपल्याकडे देवांस फांसला जाणारा अस्सल शेंदूरही शिशाचाच. पटकीप्रमाणें हा रोग एकापासून दुसऱ्यास जडत नाहीं, मग शेजाऱ्यास त्याची वार्ता कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु रोग सांसर्गिक नसला तरी त्याचें मूळ सामाईक असूं शकतें. एका मुलाचें रक्त पाहून वैद्यास एका मुलाचें दुखणें कळतें. एकाच ठिकाणचें पाणी पिणाऱ्या शेंकडों मुलांचे आंकडे एकत्र मांडले म्हणजेच पाण्याचा दोष कळतो. सबब हें गुपित एका घराचें राहत नाहीं. शेजारच्या मुलाचाही त्यावर हक्क पोंचतो.

एवढ्यानें वाद मिटत नाहीं. गुपित देणाऱ्यास त्याची किंमत पडते. भिंतीच्या रंगांत शिसें निघाल्याचा बोभाटा नको म्हणून घरमालक भाडेकऱ्यास बाहेरची वाट दाखवूं शकतो. मुलाची हयगय केली म्हणून लोक आईस बोल लावूं शकतात. दोष रंगाचा, आणि लाज आईची! म्हणून आमचें मत असें कीं, कुटुंबास न विचारतां घेतलेली ही माहिती समाजानें दान समजूं नये, ऋण समजावें. आणि ऋण म्हटलें कीं परतफेड आलीच.

या परतफेडीचें एक उदाहरण इंग्लंडच्या इतिहासांत आहे. कारखान्यांतील कामगारास शिशाची बाधा झाल्याचें दिसतांच वैद्यानें तें मुख्य कारखाना-निरीक्षकास कळवावें, असा कायदा तेथें १८९५ सालीं झाला. १८९८ मध्यें टॉमस लेग हे पहिले वैद्यकीय निरीक्षक नेमले गेले. त्यांनीं त्या नोंदी नुसत्या दप्तरांत बांधून ठेविल्या नाहींत. कोणत्या धंद्यांत, कोणत्या कामावर माणसें बाधित होतात हें त्यांतून शोधून काढलें व धूळ आणि वाफ अडविण्याच्या उपायांचा आग्रह धरला. १९०० सालीं हजारावर गेलेल्या रोग्यांची संख्या १९१० पर्यंत सुमारें निम्मी झाली. रंगकामांतील पांढऱ्या शिशासंबंधीं १९२१ चा आंतरराष्ट्रीय करार सरकार मान्य करीना, तेव्हां १९२६ मध्यें या गृहस्थांनीं अधिकारपदाचा राजीनामा दिला. नोंद घेणारा कर्जदार असतो, हें त्यांनीं ओळखलें होतें.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेंतील मिशिगन संस्थानाचें. तेथील फ्लिंट शहरास एप्रिल २०१४ पासून नदीचें पाणी देण्यांत येऊं लागलें. नळांची झीज थांबविणारें औषध त्यांत घातलें गेलें नाहीं, आणि जुन्या नळांतील शिसें पाण्यांत उतरूं लागलें. पाण्याच्या रंगाविषयीं व वासाविषयीं लोक ओरड करीत होते. पाणी निर्धोक आहे, असें त्यांस सांगण्यांत येत होतें. मुलांच्या रक्ताचे आंकडे मात्र नियमाप्रमाणें संस्थानच्या आरोग्यखात्याकडे जातच होते! अखेर डॉ. मोना हॅना-अटीशा या बालरोगतज्ज्ञ बाईंनीं आपल्या रुग्णालयांतील नोंदी तपासून २४ सप्टेंबर २०१५ रोजीं खरी स्थिति उघड केली. प्रथम सरकारी प्रवक्त्यांनीं त्यांनाच खोटें ठरविलें. पुढें आपलेच आंकडे पुन्हां पाहिल्यावर त्यांस तें कबूल करावें लागलें. डेसिलिटरभर रक्तांत ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसें असलेल्या, पांच वर्षांखालील मुलांचें प्रमाण शेंकडा २.४ वरून ४.९ वर गेल्याचें त्यांच्या निबंधांत नमूद आहे. फ्लिंटमध्यें प्रयोगशाळांनीं आपलें काम केलें होतें. चुकला तो घेणारा. आईबापांचें गुपित गेलें, आणि मोबदल्यांत त्यांच्या मुलांस साधी सूचनाही मिळाली नाहीं.

यावरून आम्हांस असें वाटतें कीं, कळविण्याची सक्ति न्याय्य आहे. परंतु ती घेणाऱ्यावरील सक्तीच्या बळावरच. निकाल आधीं आईबापांस सांगावा. नांव झांकून संख्या सर्वांस सांगावी. घरीं जाऊन विषाचें मूळ शोधावें आणि त्याचा खर्च भाडेकऱ्याच्या माथीं मारूं नये. आपल्या देशांतही १९४८ च्या कारखाने कायद्यानें कामगारांस होणारी शिशाची बाधा कळविण्याचें बंधन वैद्यावर घातलें होतें. लहान मुलांच्या रक्ताची अशी परीक्षा मात्र आपल्याकडे विरळाच होते. ती उद्यां सर्वत्र होऊं लागावी, अशीच आमची इच्छा आहे. पण ज्या कायद्याच्या एका कलमांत ‘कळवावें’ असें लिहिलें जाईल, त्याच्याच पुढच्या कलमांत, कळल्यावर कोणीं काय करावें व किती दिवसांत करावें, हेंही लिहिलेलें असावें.