शिकणं घरचं, कल मुलाचा

1917 साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड! पिढ्यान् पिढ्या अक्षरापासून दूर ठेवलेल्या घरांसाठी ती सक्ती हवीच होती.

याच कोल्हापूर शहरात चित्रपटकार बाबूराव पेंटर घडले, ते मात्र घरात, वडिलांच्या कारागिरीजवळ. कुठल्याही कलाशाळेत न जाता ते चित्रकला, शिल्पकला शिकले. पुढे त्यांनी स्वतः कॅमेरा घडवला आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आणला. घरात हत्यारं हाताळायची मोकळीक असली की मूल किती दूर जातं!

आज घरीच शिकवणाऱ्या आईवडिलांना मनापासून सांगावंसं वाटतं: स्वयंपाकघरात शाळेचं वेळापत्रक टांगू नका. शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटलांनी 1985 मध्ये इथंच कोल्हापुरात ‘सृजन आनंद’ विद्यालय सुरू केलं, तेव्हा शाळेलाच मुलाच्या अनुभवाकडे वळवलं. थोरलीला गणित आवडतं म्हणून धाकट्यानंही तेच का करावं? तो पंचगंगा नदीकाठी बगळे न्याहाळत असेल, तर आज त्याच्याबरोबर घाटावर जा. काय दिसतंय, ते त्यालाच विचारा.