भिंतीवरचा श्वास

श्रावण लागलाय. जळगाव. दुपारची सर येऊन गेली आहे.

खोलीत या. एसी बंद करा. पंखाही थोडा वेळ नको.

बसा.

ऐका.

टप्.

घाई नको. पुढचा थेंब यायला वेळ लागतो.

टप्.

आता एसीखालच्या कोपऱ्याकडे पाहा. खिडकीतून येईल तेवढाच उजेड पुरे. तळहाताएवढा डाग. पाहत राहा. तो एक डाग नाहीच. मोहरीहून बारीक ठिपके आहेत; मधे काळेभोर, कडेला शेवाळी, मग राखाडी, मग नुसती शंका. एका जागी रंगाचा पोपडा सुटलाय. आतली पुट्टी भुसभुशीत झाली आहे.

फार जवळ जाऊ नका. वास इथवर येतोच. ओल्या गोणपाटाचा.

डागाच्या बाजूला, स्वच्छ भिंतीवर हात टेकवा.

गार आहे. किंचित चिकट.

हात तिथेच राहू द्या.

हीच भिंत मे महिन्यात आठवा. पारा 45 च्या घरात, पलीकडून भट्टीसारखी तापलेली. कूलरमध्ये बादलीमागून बादली ओतायची आणि हवा ती पिऊन टाकायची. धुळ्यातही तेच. तेव्हा हवा तहानलेली होती.

आता तिचं पोट भरलंय. 28 अंशांची, 80 टक्के आर्द्रतेची हवा 24 अंशांच्या आसपास उतरली की पाणी सोडू लागते. एसीजवळची भिंत त्याहून गार असू शकते.

श्वास घ्या.

सोडा. सावकाश.

हा बाहेर गेलेला श्वास ओला आहे. तो खोलीत फिरतो, गार जागा शोधतो, तिथे टेकतो. या डागात थोडे तुम्ही आहात. रात्रभर शेजारी झोपलेलं लेकरूही आहे.

पुन्हा एक श्वास.

या डागातल्या बुरशीचे बीजाणू मेमध्येही याच हवेत होते. दिसत नव्हते, एवढंच. रावेर-यावलकडच्या केळीवाल्याला हे सांगावं लागत नाही. पानावरचा करपाही दमट हवेचीच वाट पाहत असतो.

गंमत पाहा. 1902 साली विलिस कॅरियरने एसीचं यंत्र आखलं ते ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी. दमट हवेत कागद फुगत होता, रंग जागेवर बसत नव्हते. माणसांच्या उकाड्याचा तिथे प्रश्नच नव्हता; हवेतली ओल काढायची होती.

ती ओल अजूनही निघते. फक्त वाट चुकली आहे. उन्हाळ्यातली धूळ ट्रेमध्ये बसली, भिजली, तिचा चिखल नळीत अडकला.

उद्या सकाळी नळी मोकळी करा, तिला बाहेरच्या बाजूला उतार द्या. जाळी धुवा. मास्क लावून, खिडक्या उघडून भिंत साबणाच्या पाण्याने पुसा आणि पंख्याखाली खडखडीत वाळू द्या. वरून रंग मात्र फासू नका. रंगाखाली बुरशी जगते, हे मी माझ्याच घरात दोनदा पाहिलंय.

पण ते उद्या.

आत्ता खिडकीची एक फळी उघडा. पावसाने तात्पुरती उघडीप दिली आहे. अंगणातून मातीचा वास येतोय.

हात भिंतीवरून काढा. तळहात पाहा. रेषांमध्ये ओल चमकतेय.

ती वाळेपर्यंत बसा.

टप्.