श्वास मोजताना

तुम्ही घरी आणलेला आजारी कुत्रा झोपला आहे. झोप गाढ होऊ द्या. मग त्याच्या शेजारी जमिनीवर बसा, पण हात लावू नका. बरगड्यांकडे पाहा. छाती वर आली, खाली गेली, हा एक श्वास. घड्याळ लावून ३० सेकंद मोजा आणि आकडा दुप्पट करा. शांत झोपेत मिनिटाला ३०च्या आत असेल, तर वहीत लिहा आणि वही मिटा.

एरवी मननाला बसलं की आपण स्वतःचा श्वास पाहतो. आज दुसऱ्याचा पाहायचा आहे. तो बहुधा तुमच्यापेक्षा जलद चालेल. त्याच्याशी तुमचा जुळवायला जाऊ नका. दोघांचे श्वास वेगवेगळे चालू द्या. तुमचा संथ राहिला तर त्याचा नीट दिसेल.

डॉक्टरांचं बोलणं आता सावकाश मनात आणा. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप जाड झाली आहे. ती पूर्ण मिटत नाही, म्हणून दर ठोक्याला थोडं रक्त मागे फिरतं. स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा ‘मर्मर’ तो हाच. मागे दाब साचत गेला की फुप्फुसांत पाणी उतरतं, आणि ते आधी झोपेतल्या श्वासात दिसतं. लहान चणीच्या, वय झालेल्या कुत्र्यांत हा आजार पुष्कळदा आढळतो. गोळ्यांनी झडप पूर्वीसारखी होणार नाही. हृदयावरचा भार कमी होईल, पाणी लघवीवाटे निघून जाईल. हाती काही महिने येतील, कदाचित वर्ष, कदाचित त्याहूनही जास्त. किती, ते विचारण्याचा मोह होईल. तो प्रश्न थोडा वेळ तसाच राहू द्या.

आता त्याच्या पहिल्या घराचा विचार करा. हा पॉमेरेनियन कुणीतरी हौसेनं, पिल्लू असताना आणला होता. म्हातारपणी खोकला लागला आणि त्याला दवाखान्याच्या फाटकाशी बांधून माणसं निघून गेली. राग येतो ना? येऊ द्या, तो खोटा नाही. पण बेल वाजली की तो अजून दाराकडे धावतो, ते बहुधा त्यांच्यासाठीच. त्या प्रेमातला वाटा मागू नका. ते त्याचं आहे.

शेजारीपाजारी म्हणतील, ‘तुम्ही वाचवलंत, त्याला कळतं हो सगळं.’ चांगल्या मनानंच म्हणतील. तरी ते मनावर घेऊ नका. तो पलंगाखाली जाऊन बसेल, गोळी देताना गुरगुरेल, पहाटे खोकून सगळं घर उठवेल. आजारी जीवानं वर कृतज्ञही असावं, ही अपेक्षा फार जड आहे.

इथे थांबा आणि पैशाचा विचार करा. हा विचार मननात नको असं वाटणं साहजिक आहे; माझ्या मते तो इथेच हवा. दर महिन्याची औषधं, मधूनमधून एक्स-रे, सोनोग्राफी, रक्ततपासणी. एक गोळी दर बारा तासांनी, जेवणाच्या तासभर आधी, रिकाम्या पोटी. गावी लग्नाला गेलात तर ती कोण देणार? दुसऱ्या गोळीमुळे तहान वाढते आणि लघवी वारंवार होते. फरशी ओली झाली म्हणून पाण्याचं भांडं उचलून ठेवायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना पटलंय का? आजी मायेनं चकलीचा तुकडा पुढे करतील, तेव्हा मीठ त्याला बाधतं हे त्यांना कोण समजावेल? उत्तरं घाईनं देऊ नका. सगळं झेपणार नाही असं दिसलं, तर कायमचं घर मिळेपर्यंत काही दिवस फोस्टर म्हणून सांभाळणंही खरंखुरं काम आहे.

युधिष्ठिराची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली आहे. बायको, भाऊ वाटेत पडले, कुत्रा मात्र शेवटपर्यंत बरोबर आला. इंद्र रथ घेऊन उभा असताना, आश्रयाला आलेल्याला सोडून येणार नाही असं युधिष्ठिर म्हणाला. पुढे तो कुत्रा साक्षात धर्म निघाला. त्या उलगड्याच्या आधीच्या क्षणापाशी थांबा. नकार देताना युधिष्ठिराला काहीच ठाऊक नव्हतं. त्याच्यासाठी तो फक्त एक कुत्रा होता. तुमच्या शेजारी झोपलेला शेवटपर्यंत कुत्राच राहील. रूप पालटणार नाही, वर देणार नाही. मनाला विचारा, एवढं पुरेसं आहे का?

भीती मध्येच डोकं वर काढेल. तासातासाला उठून मोजावंसं वाटेल. दिवसातून एकदा पुरे, डॉक्टरांनी जास्त सांगितलं नसेल तर. आकडा ३०च्या वर गेला तर थोड्या वेळानं पुन्हा मोजा. तरी वरच राहिला, किंवा हिरड्या फिक्या-निळसर दिसल्या, तर मनन तिथेच सोडा आणि दवाखाना गाठा.

शेवटी एक कठीण काम, आज तो बरा आहे म्हणून आजच करायचं. त्याला आवडणाऱ्या तीन-चार गोष्टी आठवा. सकाळी गॅलरीतल्या उन्हात लोळणं. उकडलेल्या चिकनचा वास येताच स्वयंपाकघरात येणं. तुमच्या चपलेवर हनुवटी टेकणं. वहीच्या मागच्या पानावर त्या लिहून काढा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा: यातलं किती सुटलं की त्याला आणखी ओढत न्यायचं नाही? त्यांचं उत्तर घरातल्या सगळ्यांसमोर ऐका.